गंगूआत्याचं निवेदन

गंगूआत्या जहीराबादहून सकाळच्या बसनं शहरात कुकटपल्लीला भाचीच्या फ्लॅटवर आली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "तेजू, लिहायला बस. सरकारला निवेदन द्यायचंय."

विमानातून ढगांत मीठ फवारून पाऊस पाडण्यावर राज्यात बंदी आणणारा कायदा येऊ घातला होता. आमदारांची समिती गुरुवारी लोकांचं म्हणणं ऐकणार होती. आत्याची वीटभट्टी होती. मे महिन्यात एका दुपारी भट्टीवर छोटं विमान घिरट्या घालून गेलं आणि तासाभरात असा पाऊस कोसळला, की वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल झाला. आठ बायकांनी तीन आठवडे खपून त्या थापल्या होत्या.

आत्या सांगत गेली, तेजश्री लॅपटॉपवर तेलुगूत उतरवत गेली.

"आन् हे लिही, ते इमान कुनी धाडलं त्याचं नाव सरकारनं काढावं."

तेजश्रीचे हात थांबले. ती कंपनीत कंप्युटरचं काम करते, एवढंच घरी ठाऊक होतं.

"आत्या, ते मी पाठवलं होतं. कोणत्या ढगात फवारायचं, ते रडारवर बघून मीच सांगते. तलावासाठी ढग निवडला होता. वारा फिरला."

आत्यानं विचारलं, "खाली आपली भट्टी हाय, ठाव नव्हतं तुला?"

"पडद्यावर तिथं नुसती मोकळी जागा दिसते."

"मग तो पाऊस तुमचाच?"

"कदाचित तो ढग तसाही बरसला असता. खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही."

"हौ. म्हंजे तळं भरलं तर तुमच्यामुळं, आन् विटा गेल्या तर देवामुळं?"

तेजश्रीचे डोळे भरून आले. आत्यानंच उठून चहा टाकला. कप तिच्या हातात देत म्हणाली, "निवेदन हाय तसंच राहू दे. बंदी पायजेच मला. फकस्त ती नावाची ओळ खोड."

गुरुवारी आत्या मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलली, पण ठणकावून बोलली. अध्यक्षांनी विचारलं, "विमान कुणी पाठवलं, काही कळलं का?"

आत्यानं मान खाली घातली. "नाही, साहेब."

मागच्या रांगेतून तेजश्री उठली. "मी पाठवलं होतं. खालच्या गावांना आम्ही कधीच कळवत नाही. कळवलं असतं, तर भट्टीवरच्या बायकांनी विटांवर ताडपत्री तरी घातली असती."

आठवड्याच्या आत कंपनीनं तिचा राजीनामा मागितला. तिनं तो दिला. पुढचे दोन महिने नोकरी मिळेना, तेव्हा आत्या दर रविवारी ज्वारीचं पीठ आणि लसणाची चटणी घेऊन यायची.

आता तेजश्री दिलसुखनगरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. कायद्याचा मसुदा अजून समितीकडेच आहे. आधी कळवायची सक्ती केली तरी पुरे, असं तिला वाटतं. आत्याला पूर्ण बंदीच हवी. जेवताना विषय निघाला, की दोघी अजूनही हात वाळेपर्यंत भांडतात.