चार बोटं वर

मेस्त्रीने खोक्यावर ताडपत्री ओढली, वर दोन झिजलेले टायर टाकले आणि हात झटकतो न झटकतो तोच टाकीवाला गॅरेजच्या दारात हजर झाला.

"आलं का किट?"

"वाटेत आहे."

"कधीपासून वाटेतच आहे. चालत येतंय की काय?"

मेस्त्री हसला, पण नजर त्याने हातातल्या पान्यावरच ठेवली.

टाकीवाला घरोघरी पाण्याच्या टाक्या बसवायचा. त्याने घेतलेला पिकअप अगदी नव्या मॉडेलचा. कंपनीने गाडीचं रूपच पालटलं होतं; नाक खाली आणलं, पुढच्या स्प्रिंगांची ठेवण बदलली. गाडी उंच करायचं जुनं किट तिला काही केल्या बसेना. नवं कोण बनवतंय याची दोघांनी मिळून चौकशी केली, मागणी नोंदवली आणि वाट बघत बसले. गाडी उंच कशाला हवी, ते मेस्त्रीने विचारलं नाही. पिकअप घेतला की माणसाला तो उंच हवाच असतो, त्यात विचारायचं काय?

खोकं येऊन मात्र बरेच दिवस झाले होते. ते दडवून ठेवण्याचं कारण होती टाकीवाल्याची आई.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ती बाई पिकअपमध्ये कशी चढते, ते मेस्त्रीने दोन-तीनदा पाहिलं होतं. दारातली मूठ धरून ती एक पाय गुडघ्याइतक्या उंच पायरीवर ठेवायची आणि तशीच श्वास घेत थांबायची. मग मुलगा मागून टेकू द्यायचा. घराबाहेर पडायचं तिचं तेवढंच साधन. आणि हा लेक निघाला गाडी आणखी उंच करायला! हौसेला मोल नसतं हे खरं, पण आईला घरी बसवून कसली आलीय हौस?

त्यात तिचा फोन आला होता.

"मेस्त्री, किट बसवल्यावर पायरी किती वर जाईल हो?"

"चार बोटं, आई."

पलीकडे ती 'चार बोटं' असं पुटपुटली. मग, "बरं."

काही दिवसांनी पुन्हा तेच. "नक्की चारच ना? पाच नाही ना होणार?"

बाई धास्तावलीय, असं मेस्त्रीने धरलं. खोकं आलं तसं त्याने ते न उघडताच मागे नेऊन ठेवलं. थोडे दिवस गेले की लेकाचं खूळ आपोआप उतरेल, असा त्याचा हिशेब. खूळ काही उतरलं नाही. उलट एकदा टाकीवाल्याने भंगारातल्या गाडीची दारातली मूठ मागून नेली.

"आईला हवीय. परसातल्या भिंतीला ठोकून दे म्हणते. कशाला, ते सांगेल तर शपथ!"

मेस्त्रीनेही डोकं खाजवलं. म्हातारीला भिंतीवर मूठ कशाला? आणि मग तिचे फोन अचानक बंद झाले, तशी त्याला चैनच पडेना. शेवटी एका दुपारी वायपरची नवी रबरं द्यायच्या निमित्ताने तो त्यांच्या घरी गेला. टाकीवाला गाडी घेऊन कामावर गेला होता. पुढचं दार उघडायला कोणी येईना, म्हणून मेस्त्री घराला वळसा घालून परसात शिरला.

भिंतीला मूठ होती. तिच्याखाली विटांचा नीट रचलेला ओटा होता, गुडघ्याच्या वर बरोबर चार बोटं. आणि ओट्यावर, मूठ धरून, धापा टाकत आई उभी होती.

"बघितलंत का, मेस्त्री? टेकूबिकू काही नाही!" तिचा चेहरा घामाने निथळत होता आणि आनंदाने फुललाही होता. "एकेक थर चढवत आले. आता जमलं. या नादात फोन करायचा राहिला."

"पण आई, हे कशासाठी?"

"अहो, गाडी उंच झाली तर मला चढता नको यायला? नाहीतर ताईकडे एकटा लेकच जाईल."

"ताई म्हणजे?"

"माझी थोरली बहीण. वर डोंगरात राहते. रस्ता म्हणजे नुसते धोंडे. मागे निघालो होतो, तर तिच्या घराखालच्या वळणावर गाडीचं पोट दगडाला घासलं. तसेच मागे फिरलो." तिने पदराने तोंड पुसलं. "तिला आता दिसत नाही. आवाज ऐकून ती काठी टेकत फाटकापर्यंत आली होती म्हणे. अंधार पडला तरी आत जाईना."

मेस्त्री हातातली रबरं उगाच गुंडाळत राहिला.

"किट काही येत नाही ना अजून?"

"आलंय, आई."

"अगबाई! कधी?"

'आजच' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो त्याने गिळला.

"बरेच दिवस झाले. मीच दडवून ठेवलं. वाटलं, तुम्हाला चढता येणार नाही."

ओट्यावरून तिची नजर थेट त्याच्या नजरेला भिडत होती.

"मला विचारायचंत," ती म्हणाली.

मेस्त्रीने मान खाली घातली.

"आज लेक घरी आला की गाडी तशीच पाठवते. रात्र झाली तरी बसवून द्यायचं." मग मुठीवरचा एक हात सोडून तिने तो पुढे केला. "आता हात द्या. चढता येतं मला. उतरता येत नाही अजून."

मेस्त्रीने तळवा पँटला खसखसून पुसला आणि पुढे झाला.