एकशे बेचाळीसच्या खाली

१४२

सकाळचे साडेसात, अण्णा नगर. अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची साखर मोजली. रोजच्यासारखं वीस खुणांपर्यंत इन्सुलिन भरलं, पोटात टोचलं, बाटली फ्रीजमध्ये ठेवायला गेले.

बाटलीवर शंभर लिहिलं होतं.

आमच्या बाटलीवर चाळीस असतं. ही नणंदेनं न्यू जर्सीहून आणलेली, अडीचपट कडक. सिरिंज मात्र इथली, चाळीसच्या बाटलीची. म्हणजे वीस नाही, पन्नास युनिट गेली.

टोचलेलं परत काढता येत नाही.

१३१

घाबरले की मी चार कामं एकदम धरते आणि एकही करत नाही. आत्ताही एका हातात फोन, दुसऱ्यात रिकामा डबा. डबा कशाला, माहीत नाही.

फोनवर हॉस्पिटलची नर्स. "शुद्धीत आहेत? मग ग्लुकोज द्या, इडली द्या. शुद्ध गेली तर तोंडात काही घालू नका. दर पंधरा मिनिटांनी मोजा. गाडी निघते आहे. आणि अम्मा, एका वेळी एकच काम. ते मोठ्यानं बोला, मग करा."

डबा खाली ठेवते.

"डबा खाली ठेवते," मी मोठ्यानं म्हणाले.

९८

"पाणी घेते. चार चमचे ग्लुकोज घालते. ढवळते."

"रेडिओ काय लावलास गे सकाळी सकाळी?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, माझ्या हातून चूक झाली. औषध जास्त गेलं."

त्यांनी पेला घेतला.

"साखर बंद म्हणून दोन वर्षं छळलंस. आता पाज."

७४

नवरा फोनवर, हैदराबादहून. "वाचता येत नाही तुला? एम.एस्सी. ना तू?"

"विश्वेश, मी फोन ठेवते."

"ठेवतेस काय? अगं, ते माझे—"

"फोन ठेवते," म्हणाले आणि ठेवला.

५२

बनियन ओलं. ओठ पांढरे. इडलीचा घास त्यांनी थुंकला.

"पोदुम!" ते तमिळमध्ये ओरडले.

पुरे कसं? "अप्पा, अजून एक घोट."

"तू कोण?"

"शर्मिष्ठा. तुमची सून."

"कोणाची?"

पुन्हा फोन. गाडीचा ड्रायव्हर. चौतीस नंबरला उभा आहे, घराला कुलूप. जुना चौतीस की नवा? पालिकेनं घरांचे नंबर बदलले, पण या गल्लीत दोन्ही चालतात. मला आमचा जुना नंबर आठवेना. रोज पत्रांवर वाचलेला.

"दारात जाते. हात करते."

गेले. केला.



साखर मोजायची पट्टी खाली पडली. दुसरी वाकली. तिसरीवर रक्त पुरेना. अप्पांची मान खांद्यावर. पेला त्यांच्या ओठांपाशी नेला होता, तो मागे घेतला.

"तोंडात काही घालत नाही," मी म्हणाले. याहून अवघड काम मी केलेलं नाही. "कुशीवर वळवते. श्वास बघते."

श्वास होता.

जिन्यात पावलं.

३८

हा आकडा गाडीतल्या माणसानं मोजला. शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं.

१६६

दुपारी. सलाइन चालू. अप्पांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "घरी दार लावलंस?"

नव्हतं लावलं.

१३९

चौथा दिवस. घरी. पुन्हा साडेसात.

"आजपासून नर्स बोलावू या," मी म्हणाले.

"का? तिला दोन डोळे जास्त असतात?"

"अप्पा, मला नाही जमणार."

"बाटली आण. चष्माही."

त्यांनी बाटली खिडकीपाशी धरली. "नार्पदु."

"चाळीस," मी म्हणाले.

"आता सुई."

"सिरिंज चाळीसची. खुणा वीस."

"दाखव." त्यांनी सिरिंज उजेडात धरून एकेक खूण बोटानं मोजली. फार वेळ लागला. "इरुबदु."

"वीस."

त्यांनी शर्ट वर केला आणि पोटाचे स्नायू आवळले. याआधी ते कधी असं करत नव्हते. घाबरले होते तेही.

"अप्पा, पोट सैल सोडा."

"तू आधी बोल, काय करतेस ते."

"टोचते."

"हं."

"टोचते," मी पुन्हा म्हणाले. अजून टोचलं नव्हतं.