यादीबाहेरचं एक

"मोज गं, चाळीस आहेत म्हणतोय ड्रायव्हर," काका करवतीवरून मान वर न करता म्हणाले.

मुलगी टेम्पोतून उतरवलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यापाशी गेली. काकांच्या फ्रेमच्या दुकानात ती तीन वर्षं कामाला होती. वार्षिक प्रदर्शनासाठी निवडलेली चित्रं दरवर्षी इथेच यायची, कारण सगळ्यांना एकसारखी चौकट हवी असा तिथला हट्ट. त्यामुळे आपण पाठवलेलं चित्र निवडलं की नाही, हे निकाल लागायच्या आधीच तिला कळायचं. गेली दोन वर्षं असंच कळलं होतं, आणि दोन्ही वर्षं तिनं मुकाट्यानं दुसऱ्यांच्या चित्रांवर काचा बसवल्या होत्या. ती स्वतः चित्रं काढते याचा काकांना पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी चित्रकार म्हणजे चुकीचं माप देऊन वर डोकं खाणारी जमात. तिथे तोंड कोण उघडणार?

यंदा तिसरी खेप. या वेळी नाही आलं तर रंगांचं खोकं माळ्यावर, आणि सोमवारपासून आत्याच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचे, असं बाबांशी ठरलं होतं. बाबा रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. ते मायेनं बोलले होते, म्हणून तिला जास्त भीती वाटत होती.

ती एकेक चित्र उलटं करून मागचा नंबर बघू लागली. घोडे. समुद्र. पुन्हा घोडे. तीस झाली, पस्तीस झाली. सदतिसावं उचललं आणि तिनं ते दोन्ही हातांनी समोर धरलं. स्टुलावर बसून सुजलेले पाय चोळणारी तिची आई! मागे नंबर एकशे सतरा.

आनंदानं तिनं पेन्सिल उचलली. खूण करायला तिनं चित्रांसोबत आलेल्या निवडीच्या यादीवरून बोट फिरवलं. एकशे बारा, एकशे चौदा, एकशे एकवीस. पुन्हा फिरवलं. यादीत नंबर एकोणचाळीसच होते. नाकारलेल्या गठ्ठ्यातलं एक चित्र कुणा हमालाच्या हातून चुकून इकडे आलं होतं.

"किती?" काकांनी विचारलं.

चाळीस म्हटलं की झालं. चित्र भिंतीवर लागेल, खाली नावाची पट्टी येईल, बाबा येऊन बघतील. यादी कोण ताडून बघतंय? आणि बघितलीच तर? बाबांच्या देखत कुणी ते खिळ्यावरून उतरवलं तर? नाही उतरवलं, तरी रोज धास्ती. पुढचं प्रत्येक चित्र काढताना हाच धाक मानगुटीवर बसणार.

"किती गं? दातखीळ बसली का?"

"एकोणचाळीस," ती म्हणाली. "एक जास्तीचं आलंय."

मग तिनंच प्रदर्शनाच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या बाई वैतागल्या. "एकशे सतरा? ते नाकारलंय. आता कुणाचं आहे ते बघायला नावाचं बंद पाकीट फोडावं लागणार."

"फोडू नका. माझंच आहे."

मागे करवत थांबली. काका उठून आले. त्यांनी चित्र दाराशी उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"मला का नाही बोललीस? पावतीवर सही माझीच असते. चाळीस लिहिले असते की मी."

"म्हणूनच नाही बोलले, काका."

काकांनी आईचं चित्र कोऱ्या कागदात गुंडाळलं, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा लावला आणि भिंतीला टेकवून ठेवलं. ती पाठ फिरवून रडली, थोडंसंच. आज शुक्रवार होता, आणि उद्या संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस काचा बसवून द्यायच्या होत्या. तिनं फडकं ओलं केलं आणि घोड्यांची काच पुसायला घेतली.