तपासणीपुरती माहिती

कागदी फॉर्म स्कॅन करायचा, त्याची पीडीएफ करून तिच्यावर भरता येतील असे रकाने बसवायचे आणि कुणा काल्पनिक माणसाची माहिती टाकून ते नीट चालतात का ते पाहायचं, हे माझं अकरा वर्षांचं काम. साहेब मात्र कौतुक करायचे ते शेजारच्या टेबलावरच्या हसरीचं, जिला हे सगळं मीच हाताला धरून शिकवलं होतं. तेही सोसलं असतं. पण दुपारी नवऱ्याचा फोन आला की खुर्ची खिडकीकडे वळवून ती जे हळूच हसायची, ते मला पाहवत नसे. मी एकटी राहते. माझा फोन दुपारी वाजलाच, तर चुकीचा नंबर लागलेला असतो.

त्या जळफळाटातच एकदा मी तपासणीला तिचीच माहिती भरली. पत्ता, नवऱ्याचं नाव, मुलीची जन्मतारीख, सगळं तिच्याच बडबडीतून मला पाठ झालेलं. 'पत्नीचे नाव' या रकान्यात मात्र माझं नाव टाकलं, आणि फार बरं वाटलं. मग रोज एक फॉर्म तसाच भरून, न पुसता जपून ठेवू लागले.

महिन्याभराने डबा उघडता उघडता तिने विचारलं, "ताई, आमच्या छोटीचा वाढदिवस किती तारखेला असतो हो?"

मी तारीख सांगितली. "अगं, विसरलीस?"

"हल्ली लक्षातच राहत नाही काही," ती म्हणाली.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं, पण हात थांबेना. तिचे दुपारचे फोन बंद झाले. एका संध्याकाळी ती थांब्यावर उभी राहून आपली बस कुठली ते आठवत होती. मी माझ्या खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिची बस पकडली. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. "आज उशीर झाला तुला," एवढंच म्हणाला.

आता दुपारी फोन मला येतो. काल बोलणं संपवून खुर्ची वळवली, तर हसरी नवा फॉर्म तपासत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघायचे अगदी तशीच.

"ताई," कीबोर्डवरची बोटं न उचलता तिने विचारलं, "तुमच्या छोटीचा वाढदिवस किती तारखेला असतो हो?"

सांगायला मी तोंड उघडलं, आणि तारीख काही केल्या आठवेना.