चालू ट्रॅक्टरची किल्ली

घरात दोन भाऊ होते, एक ट्रॅक्टर होता आणि मत एकच होते. ते थोरल्यांचे. ट्रॅक्टर दोघांच्या नावावर असला तरी त्यावर बसण्याचा मान धाकट्याच्या लग्नाआधीपासून त्याच्याकडे होता, आणि त्याविषयी बोलण्याचा मान थोरल्यांकडे. ही वाटणी कोणी केली नव्हती. एकाच पक्षाच्या सोयीची वाटणी सहसा कोणी केलेली नसतेच. ती आपली पडून गेलेली असते.

केबिनवाल्या ट्रॅक्टरविषयीचे थोरल्यांचे मत आसपासच्या शेतांत सगळ्यांना पाठ होते. ज्याला माती अंगावर घ्यायची नाही त्याने शेती कशाला करावी, असे ते विचारीत. काचेत बसून थंड हवा खात नांगरणारा माणूस त्यांच्या लेखी शेतकरी नव्हता, प्रेक्षक होता. हे सारे ते सावलीत खुर्ची टाकून, चहाचा कप हातात धरून सांगत, आणि त्याच वेळी समोरच्या रानात धुळीचा एक लोट इकडून तिकडे सरकत असे. त्या लोटात धाकटा असे.

यंदा धाकट्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले आणि ऐन मशागतीत थोरल्यांना स्वतः ट्रॅक्टरवर चढावे लागले. पहिल्या संध्याकाळी नाक पुसताना त्यांच्या रुमालावर काळे आले. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. कानांत तर असा भुंगा शिरला की जेवताना बायको काय वाढू म्हणून विचारते आहे ते त्यांना दोनदा विचारावे लागले, आणि या कानांची हकीकत त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला साग्रसंगीत ऐकवली. आठवडा संपता संपता त्यांच्या तत्त्वाला घाम फुटला. जुना ट्रॅक्टर देऊन केबिनवाला घ्यावा, असे त्यांनी जाहीर केले. स्वतःसाठी नव्हे, हेही जाहीर केले. धाकट्याला आता हादरे सोसायचे नाहीत, भावाची काळजी भावाने नाही करायची तर कोणी, असे ते म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांचा स्वर इतका प्रेमळ झाला की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

धाकट्याने नको म्हटले. त्याला जुनाच बरा होता. थोरल्यांनी पुन्हा विचारले तेव्हाही तेच. याचा अर्थ थोरल्यांनी लोकांना सांगितला तो असा, की बघा, किती साधा माणूस, स्वतःच्या सुखासाठी हात पसरणार नाही.

या घराची एक रीत इथे सांगायला हवी. ट्रॅक्टर धडधडत असताना तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून त्यांचे सारे काम हातांनी चाले. मूठ वर केली की थांब, तळवा खाली दाबला की अवजार उतरव, बोट फिरवले की वळव. वर्षानुवर्षांच्या सवयीने ही बोली घरातही शिरली होती. जेवायला बोलावायचे तर दारातूनच हाताने घास दाखवीत. पाणी हवे तर अंगठा ओठांकडे. धाकटा तर घरात जवळजवळ बोलतच नसे. थोरले काही सांगत, तो मान डोलावी. बियाणे कुठले आणायचे, विहिरीची मोटार कुणाकडे द्यायची, धाकट्याच्या मुलीला कुठल्या शाळेत घालायचे, सगळ्याला मान. माझा भाऊ आजवर माझ्या शब्दाबाहेर गेलेला नाही, असे थोरले अभिमानाने सांगत, आणि ते अक्षरशः खरे होते.

शोरूमचा माणूस सकाळी नवा ट्रॅक्टर दाखवायला घेऊन आला. प्रत्येक गोष्टीला चकाचक म्हणण्याच्या त्याच्या सवयीमुळे सगळे त्याला चकाचकच म्हणत. शेजारच्या रानातले दोघे जणही काम टाकून बघायला आले. नवा ट्रॅक्टर अंगणात यावा आणि त्याला कोणी नावे ठेवायला येऊ नये, असे होत नाही. चकाचकने काचा, दिवे, हवेचा फिल्टर दाखवला, इंजिन हलके चालूच ठेवून तो खाली उतरला आणि धाकट्याला म्हणाला, काका, बसा, एक चक्कर मारून या. धाकटा हलेना. थोरल्यांनी हाताने वर चढायची खूण केली, तेव्हा तो चढला. थोरलेही मागोमाग चढून बाजूच्या छोट्या घडीच्या सीटवर बसले. चकाचकने बाहेरून दार लावले.

दार लागले आणि अंगणातला सगळा आवाज कोणी पुसून टाकावा तसा पुसला गेला. थोरल्यांना मोठी गंमत वाटली. ते म्हणाले, "बघ, आता आपण ट्रॅक्टरवर बसून गप्पा मारू शकतो."

धाकटा समोर बघत होता. त्याने स्टिअरिंगवर तळहात ठेवला, मग सीटच्या कडेवर, मग पाय फरशीवर दाबला, आजाऱ्याची नाडी शोधावी तसा. सीट हवेवर तरंगणारी, फरशीखाली रबर. हाताला काहीच लागत नव्हते. समोरचा काटा इंजिन चालू असल्याचे दाखवत होता, पण जुन्या ट्रॅक्टरवरचे काटे कधीच मेलेले, तिकडे बघायची धाकट्याला सवयच नव्हती. त्याने क्लच दाबला आणि चालू इंजिनाची किल्ली फिरवली.

दातावर दात घासावेत तसा कर्कश आवाज केबिनच्याही आत आला. असा आवाज झाला की कुणाचाही हात चटका बसल्यासारखा मागे येतो. धाकट्याचा आला नाही. कुरकुरणारे इंजिन लागायची वाट बघत किल्ली धरून ठेवतात, तशी त्याने ती शांतपणे धरून ठेवली. थोरले ओरडले, अरे चालू आहे, चालू आहे. धाकट्याने मानही वळवली नाही. शेवटी थोरल्यांनी त्याचे मनगट धरले. तेव्हा त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिले, ओठांकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

चकाचकने धावत येऊन दार उघडले. तो हसत होता. "काका, इतका सायलेंट आहे ना, की भल्याभल्यांना कळत नाही. तुम्ही काय पहिले नाही. चकाचक." शेजारचे दोघेही हसले. थोरल्यांना एक वाट मिळाली होती, आणि मिळालेली वाट सोडणाऱ्यांपैकी ते नव्हते. तेही हसले. म्हणाले, आमच्या ड्रायव्हरला हातगाडीची सवय, विमानात बसवल्यावर असंच होणार. सगळे पुन्हा हसले. धाकटा कुणाकडे न बघता खाली उतरला आणि हौदाकडे गेला.

विचार करून सांगतो, असे म्हणून थोरले घरात गेले. चकाचक जुन्याचे टायर ठोकून बघू लागला. स्वयंपाकघरात बायको भाजी निवडत होती. तो आवाज तिनेही ऐकला होता. थोरल्यांनी तिला विचारले ते दरडावूनच, कारण घाबरल्यावर त्यांना दुसरा स्वर येत नसे. याला ऐकू येत नाही का? केव्हापासून?

बायकोने भाजी बाजूला ठेवली नाही. बोलता बोलता निवडत राहिली. भावजींनी काही वर्षांपूर्वी स्वतःच कानाच्या डॉक्टरला दाखवले होते, एकट्याने जाऊन. एक कान तेव्हाच गेला होता, दुसऱ्यात थोडे उरले होते. आवाजापासून दूर राहा, बंद केबिनचा ट्रॅक्टर घ्या, तर उरलेले टिकेल, असे डॉक्टर म्हणाले होते. मग मला का नाही सांगितले, असे थोरले म्हणाले तेव्हा मात्र तिने मान वर केली.

"सांगितलं होतं की. ओटीवर, चहाच्या वेळी. कानाचं काढायच्या आधी त्यांनी नुसतं विचारलं, दादा, केबिनवाला घेऊ या का. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का, अहो?"

आठवत होते. स्वच्छ आठवत होते, आणि आजवर मात्र आपण ते विसरलो आहोत असे त्यांना वाटत आले होते. समोर पाहुणे बसले होते, हेच शेजारचे दोघेही, आणि थोरले म्हणाले होते, "काचेच्या कपाटात बसायला तू काय बाहुली आहेस रे?" ओटी हसून हसून लोळली होती. पुढे कित्येक दिवस शेजारचे लोक धाकट्याला बांधावरून बाहुली म्हणून हाका मारीत. तो ओ देत नसे. रागावला असेल, असे सगळ्यांना वाटे.

"माझ्याकडून वचन घेतलं होतं त्यांनी," बायको म्हणाली. "ते मी पाळलं. लाज मलाही वाटते. पण माझी आणि तुमची एक नाही."

थोरले मागच्या दाराने हौदाकडे गेले. धाकटा पाठमोरा उभा राहून हात धूत होता, स्वच्छ झालेले हात पुन्हा पुन्हा. थोरले दोन हातांवर थांबले आणि बोलले. चुकलो म्हणाले. माझ्या जिभेने तुझे कान खाल्ले म्हणाले. वाक्ये घडीव होती. माफी मागतानाही त्यांना शब्द सापडत होते. बोलून झाल्यावर त्यांना छातीत हलके वाटले, आणि हलके वाटले त्या क्षणीच कळले की आपण काय केले. पाठीशी बोलायचे त्यांनी ठरवले नव्हते. पण समोरही गेले नव्हते. जगातल्या ज्या एका माणसाला ऐकू जाणार नाही, त्याच्या मागे उभे राहून त्यांनी आपली माफी उरकून घेतली होती. अशी लाज त्यांना ओटीवरच्या आठवणीनेही वाटली नव्हती. तिथे निदान अज्ञान होते.

ते वळसा घालून पुढे आले. धाकट्याने पाहिले. तोंडे समोरासमोर आल्यावर घडीव वाक्यांतले एकही आठवेना.

"मला आता कळलं," ते म्हणाले. "तुझ्या वहिनीनं सांगितलं."

"वहिनीला काही बोलू नकोस."

"जुना कशाला हवा तुला? उरलंय तेही जाईल."

धाकट्याने हात झटकले. "जुन्यावर मला कळतं, दादा. इंजिन दमलं, पट्टा सरकला, दगड लागला, सगळं खालून कळतं. बुडाला कान आहेत माझ्या." स्वतःच्याच बोलण्यावर तो किंचित हसला. "त्या काचेत बूडही बहिरं होतं. मग मला ठेवून काय करणार? तू चालव. तुझ्यासाठीच घेतोयस ना?"

हे शेवटचे त्याने टोमणा म्हणून म्हटले नव्हते. त्याला नुसते माहीत होते.  प्रथमच थोरल्यांना दिसले की आपण केबिन घेतली तर भावाचे काम जाते आणि नाही घेतली तर उरलेला कान. आणि या पेचाचा एकूण एक धागा आपल्याच हाताने वळलेला आहे.

ते अंगणात आले. धाकटा मागे आला, कारण त्यांनी त्याला दंडाला धरून आणला. चकाचकने विचारले, मग काय ठरलं, जुना आजच नेऊ का? शेजारचे दोघे अजून तिथेच होते.

"घेतो," थोरले म्हणाले, भावाला ओठ दिसतील असे उभे राहून. "पण हाच चालवणार. मी नाही. मघाशी किल्ली फिरवली ती गाडी सायलेंट आहे म्हणून नव्हे. त्याला ऐकू येत नाही. डॉक्टरनं केबिन सांगितली होती तेव्हा मी चेष्टा केली, म्हणून येत नाही. तुम्ही दोघं होतात तिथे. मघाशी मी पुन्हा हसलो, तेव्हाही होतात."

शेजाऱ्यांपैकी एकाने जमिनीकडे पाहिले, दुसऱ्याने चप्पल बघितली. चकाचकला मात्र यात विशेष काही वाटले नाही. त्यात काय, तो म्हणाला, काट्याकडे बघायचं, बिघाड झाला तर लाल दिवा लागतो, सगळं डोळ्याला दिसतं. इतकी वर्षे बाळगलेली आणि आत्ताच चव्हाट्यावर मांडलेली लाज त्याने दिव्याच्या एका बटणात बसवून टाकली, आणि थोरल्यांना त्याचाही राग करता आला नाही.

धाकट्याने या वेळी मान डोलावली नाही.  थोरल्यांनी सारे खरे बोलल्यावर त्याचा चेहरा निवळेल असे त्यांना वाटले होते. तो निवळला नाही. चारचौघांत बहिरा ठरणे हेही त्याच्याच वाट्याला आले होते, आणि तेही त्याला न विचारता. थोरल्यांना हे कळले ते बोलून झाल्यावर, नेहमीप्रमाणे.

"पहिले काही दिवस मी शेजारी बसतो," ते घाईने म्हणाले. "दिव्यात येत नाहीत असे आवाज असतात, ते मी ऐकून सांगेन तुला. तुझे कान होईन."

धाकट्याने त्यांच्या ओठांवरून शब्द नीट वेचले.

"तुला कुठे कळतात आवाज?" तो म्हणाला, आणि काटा कुठे आहे ते बघायला केबिनमध्ये चढला.