सतरा नंबरच्या काकूंची दाढ

उजवीकडच्या दाढांवर तेवढं कीटण होतं—करडं, जाड, पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी बसतं तसं—आणि डावीकडच्या दाढा मात्र झिजून अशा सपाट झालेल्या, की या बाईने जन्मभर एकाच बाजूने... एकाच बाजूने काय, ते हा जबडा तपासताना तिने मागच्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. कातडी चावून मऊ करणारी बाई. दीड हजार वर्षांपूर्वीची, थडगं क्रमांक सतरा, वय चाळिशीच्या आसपास. सरांनी खूश होऊन तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि तीही मजेत वर जाऊन बसली. अहवाल आज जायचा होता. प्रयोगशाळेत सगळे या जबड्याला 'काकू' म्हणत. खरं तर काकू तिच्याहून तीन-चार वर्षांनी लहानच.

फोन वाजला. नवरा.

"पाच वाजता. लक्षात आहे ना?"

"आहे रे बाबा."

"तीनदा टाळलंस. आज मी दवाखान्यातच फोन करून विचारणार आहे, पोहोचली का म्हणून."

म्हणजे थापेची वाट बंद. दिवसभर दुसऱ्यांचे दात हाताळणारी बाई, आणि स्वतःची दाढ काढायची म्हटलं की दर वेळी नवी सबब—लहानपणी दंतवैद्याचं बोट कडकडून चावून तिने जी धूम ठोकली, ती अजून पळतेच आहे, असं नवरा साऱ्या नातेवाइकांना सांगतो. सांगू दे. दोन वर्षं दुखतेय, पण दाढ दुखली म्हणून कुणी मरतं का... तिने डबा उघडला, पावाचा तुकडा तोंडात टाकला, सवयीने डावीकडे सरकवला आणि चावू लागली.

डावीकडे.

चावणं थांबलं. जीभ हळूच उजवीकडे गेली, तिथल्या खरखरीत थराला लागली—आणि तिला हसूच फुटलं, एकटीला, तोंडात पाव असताना. कसली कातडी नि कसलं काय! जबडा उलटा केला, दिवा जवळ ओढला. उजव्या शेवटच्या दाढेला खड्डा, मुळाशी हाडात पुवाने पाडलेलं भोक. ते तिने नोंदवलंही होतं. पण झीज एका तक्त्यात लिहायची, रोग दुसऱ्यात, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून कोण बघतंय? अगं काकू, दुखत होतं तुला! वर्षानुवर्षं दुखत होतं. त्या बाजूला घासच जात नव्हता, म्हणून कीटण.

"सर, कातडीचं वाक्य काढते. चुकलं माझं."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग झीज कशाने झाली म्हणायचं?"

"उजवीकडे दुखत होतं म्हणून."

"अहो, किती छान वाक्य होतं ते," सर हळहळले, पण खोडायला पेन त्यांनीच पुढे केलं.

पावणेपाच. दवाखान्याच्या पायऱ्यांशी येऊन ती थांबली. काकूला दाढ काढून देणारं कुणी भेटलं नसेल... की भेटलं असेल, आणि काकूनेच दर वेळी काहीतरी निमित्त शोधलं असेल? तिला काकूचा राग आला, मग स्वतःचा, मग पुन्हा हसू. काढलेल्या दाढेची जागा हाड सावकाश भरून काढतं. असे जबडे तिने कितीतरी पाहिले होते, आणि असा जबडा आला की अहवालात लिहायचं असतं, की ही बाई त्यानंतरही जगली. वरून कुणाचं तरी कण्हणं ऐकू आलं. भीती होती तेवढीच होती, पण आज पहिल्यांदा तिला त्या भीतीच्या पलीकडचं काहीतरी दिसत होतं—दोन्ही बाजूंनी चावून खाल्लेलं एक सफरचंद, आणि पुढची खूप वर्षं.