झाकणभर पाणी

लान्हकाकूंच्या पाठीवरचे लाल पट्टे दिसले, तसा डॉक्टर थुआन यांनी स्टेथोस्कोप हवेतच धरला. मानेपासून कमरेपर्यंत, नांगरलेल्या वाफ्यासारखे ओळीनं पट्टे.

"पुन्हा नाण्यानं घासलंत?"

"मी कशाला घासू? माझा हात पोचतो का पाठीला? सुनेनं घासलं."

"मी औषध दिलं होतं ना?"

"घेतलं की. आधी तेल लावून घासलं, मग तुमचं औषध घेतलं. ताप उतरला. आता कुणामुळं उतरला ते तुम्ही आणि सून बघून घ्या."

डॉक्टर हसले आणि पट्ट्यांच्या मधली जागा शोधून छाती ऐकू लागले. शनिवारी दवाखाना दुपारी एकला बंद करायचा असा नियम होता. देश सोडून आलेल्यांच्या वस्तीत, बोल्सा रस्त्यावरच्या या दवाखान्यात तो तीस वर्षांत एकदाही पाळला गेला नव्हता. तपासून झालं की म्हातारी माणसं पिशवीतून सरकारी पत्रं काढत. डॉक्टर ती वाचून दाखवत, कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीकशी फुली मारून देत. कुणाचा मुलगा बोलेनासा झालेला असे, कुणाला झोप म्हणून लागत नसे. तेही ऐकून घेत. टेबलाच्या कोपऱ्यात परसातले पेरू जमत जात.

आज काकूंनी पत्र काढलं नाही. गुंड्या लावता लावता म्हणाल्या, "उद्या जेवायला या. आमच्या ह्यांची तिथी आहे."

"येतो."

"तिथी म्हणजे काय, शिपायांनी कैद करून छावणीत नेलं तो दिवस. पुढं कधी गेले, कसे गेले, कुणाला ठाऊक? ज्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, तोच दिवस धरायचा. तुमच्या आईलाही मी तेच सांगितलं."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"आईनं विचारलं?"

"परवा, देवळात. माणूस समुद्रात हरवलं असलं तर तिथी कुठली धरायची म्हणून. मी म्हटलं, घर सोडलं ती. आम्ही सगळ्याजणी तसंच करतो." त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मी सांगितलं म्हणून सांगू नका हं."

बाहेर अजून चौघं बसली होती. डॉक्टरांनी चौघांना तपासलं. एकाचा रक्तदाब दोनदा घेतला, कारण पहिल्यांदा घेतलेला आकडा लिहीपर्यंत ते विसरले होते.

त्यांचा भाऊ खोय त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. देश सोडून पळताना दोघं एकाच रात्री, एकाच होडीत बसले होते, तिसऱ्या महिन्यातल्या अमावास्येच्या अंधारात. आई मी-थो गावात, नदीकाठच्या घरात मागं राहिली होती. निर्वासितांच्या छावणीतून तिला पाठवलेल्या पहिल्या पत्रात थुआननं लिहिलं होतं : दादाला वाटेत दुसऱ्या जहाजानं उचललं. कुठल्या देशात उतरवलं ते कळलं नाही. शोध चालू आहे.

एकटी बाई, भेट होईपर्यंत एवढा आधार असू दे, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. भेट व्हायला नऊ वर्षं लागली. विमानतळावर आईनं त्यांना जवळ घेण्याआधी त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं. तेव्हा सांगायचं राहिलं, ते राहिलंच. देव्हाऱ्याशेजारच्या पूर्वजांच्या मांडणीवर आजोबा होते, आजी होती, वडील होते. खोयचा फोटो आईच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली होता.

घरी आले तेव्हा बायको दिएप नातवाला पोहायला घेऊन गेली होती. आई मागच्या अंगणात ठेंगण्या स्टुलावर बसून पुदिना निवडत होती. ब्याण्णव वर्षांची आई. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, आणि ओठांत नदीकाठची जुनी चाल.

ओढा गेला नदीपाशी, नदी गेली दर्यापाशी,
दर्या कुणाला विचारी, माझी वाट कुणापाशी.

डॉक्टर शेजारच्या पायरीवर टेकले. सवयीनं तिचं मनगट हातात घेतलं. नाडी मध्येच एक ठोका गाळत होती, रोज गाळायची तशी.

"काय म्हणतंय?" आईनं विचारलं.

"बरं आहे."

"तुझं ते ‘बरं’ मला कळतं. लान्ह आली होती का दवाखान्यात?"

"आली होती."

"मग सांगितलंच असेल तिनं. तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणून तर तिला विचारलं."

डॉक्टरांनी मनगट सोडलं. आईनं आणखी दोन काड्या निवडल्या.

"खोयचं लग्न झालं नाही. मागं पोर नाही, बाळ नाही. मी आहे तोवर माझ्या वाटीतला घास मनातल्या मनात त्याला देते. मी गेल्यावर तो कुणाच्या दारात उभा राहील? दुसऱ्यांच्या तिथीला लोकांच्या मुलांचं उरलंसुरलं खायला?"

"अमावास्या चार दिवसांवर आली आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "आपण निघालो तो दिवस. धरूया. मी दिएपला सांगतो, सगळं नीट करू."

आईनं पुदिन्याचं ताट बाजूला ठेवलं.

"अमावास्या नको. नवमी धर."

पलीकडच्या अंगणात कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं.

"दाराशी सगळ्यांच्या चपला-बूट मी लावते," आई म्हणाली. "चौथा महिना आला की एक दिवस तुझ्या बुटांत वाळू असते. डॉक्टरांची सभा होती म्हणतोस. सभा काय किनाऱ्यावर भरते? पहिल्या वर्षी वाटलं, गेला असेल फिरायला. दुसऱ्या वर्षीही नवमीच. मग मी कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडून ठेवायला लागले. सत्तावीस पानं झाली आहेत."

"विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून. आणि विचारलं नाही, तोवर तो होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. तो स्वच्छच होता.

"तहान लागली होती का रे त्याला?"

असे प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. रुग्णालयाच्या व्हरांड्यांमधून, मेलेल्यांच्या बायकामुलांकडून. दुखलं का? कळलं का? त्यांचं उत्तर ठरलेलं असे, मऊ आवाजातलं : नाही, झोपेतच गेले. तेच आताही ओठांवर आलं होतं.

"हो," ते म्हणाले.

आई ऐकत होती.

"तिसऱ्या दिवशी इंजिन बंद पडलं. होडीत डॉक्टर मी एकटाच, म्हणून सगळ्यांनी पाण्याचा डबा माझ्याकडं दिला. बाटलीच्या झाकणानं मोजून द्यायचो. मोठ्यांना सकाळी एक, संध्याकाळी एक. पोरांना चार. खोयला ताप होता. आठव्या रात्री त्यानं मागितलं. दादा होता माझा, त्यानं हळू आवाजात मागितलं, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, सकाळी. त्याला द्यायचं झाकण पोरांच्या वाटणीतून जाणार होतं."

"आणि सकाळी?"

"सकाळी नवमी होती."

आईनं कपडे झटकले. पानांचे बारीक तुकडे पायरीवर पडले, ते ती एकेक करून वेचत बसली. डॉक्टर तिच्या बोटांकडं पाहत राहिले. आता ती काय म्हणेल याची त्यांनी सदतीस वर्षं वाट पाहिली होती, आणि सदतीस वर्षं ती टाळली होती.

"पोरं किती होती?"

"सहा."

"पोचली?"

"सगळी. त्यातली एक परवा तिच्या मुलाला घेऊन आली होती. गोवराची लस द्यायला."

"तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"नकोच," आई म्हणाली. "मुलाबाळांची आहे."

तिनं हात पुढं केला. डॉक्टरांनी तिला उठवलं. ती आत गेली, कपाटाचं दार वाजलं, बराच वेळ वाजत राहिलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोटो होता. विशीतला खोय, केस तेलानं बसवलेले, फोटोवाल्यानं हसू नको म्हटलेलं असावं असा चेहरा. तिनं तो वडिलांच्या शेजारी ठेवला, मग थोडा पुढं ओढला. आजोबांसमोर होती तशी एक रिकामी काचेची पेली त्याच्यापुढं मांडली.

"आई, तिथीला अजून—"

"जेवण नवमीला घालू. आंबट रस्सा करू, अननस घालून, त्याला आवडायचा तसा. पाण्याला तिथी लागत नाही."

स्वयंपाकघरातून तिनं पाण्याचा तांब्या आणला. दोन्ही हातांनी धरून आणला, आणि मांडणीपाशी न नेता डॉक्टरांपुढं केला.

"तू घाल."

डॉक्टरांनी तांब्या घेतला. थेंबाथेंबाचं औषध मोजणारे हात. पेली अर्धी झाली आणि सवयीनं थांबले.

"आणखी," आई म्हणाली.

त्यांनी आणखी ओतलं. पाणी काठाला आलं, काठावर जरा फुगून थरथरत राहिलं.

"आणखी, थुआन."